गाडी थरथरते? आधी कोन मोजा, मग खिशात हात घाला

आपल्या वर्धा जिल्ह्यातील लहान व्यापाऱ्याचा धंदा आज चार चाकांवर उभा आहे. कापडाचे गठ्ठे असोत, भांडी असोत, फळे असोत की सुताराने घडविलेले कपाट, माल पिकअपमध्ये चढतो तेव्हाच तो गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो. समुद्रपूर, देवळी, सेलू, आर्वी येथील बाजार गाठणारे आणि गिरडच्या जत्रेला पाल ठोकणारे आमचे अनेक बांधव पहाटे गाडी काढतात आणि रात्री घरी परततात. ही गाडी एक दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर त्या दिवसाची रोजी गेली, शिवाय दुरुस्तीचा खर्च वेगळाच.

या गाड्यांना एक रोग फार लागतो. ठराविक वेगाला पोहोचल्या की त्या थरथरू लागतात. पायाखालचा पत्रा गुणगुणतो, आरसा हलतो, मागून घुमल्यासारखा आवाज येतो. मालक गाडी मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री टायर बदलायला सांगतो, मग क्रॉस, मग सेंटर बेअरिंग. पैसे जातात आणि थरथर राहते. असे का होते, याचा खुलासा आजच्या लेखात करायचा आहे. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, मिस्त्री नाही. पण या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे, आणि त्या ठेचेतून जे शिकलो ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

आमची ठेच

काही वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर आम्ही आमच्या पिकअपला मागे दोन-दोन जादा पाटे टाकून घेतले. भरल्या गाडीचा मागचा भाग फार बसतो, अशी ड्रायव्हरची तक्रार होती. पाटे पडले, गाडी मागून उंच झाली, आम्ही खूश झालो. आठ दिवसांत ५५ च्या पुढे थरथर सुरू झाली. पाटे ज्याने टाकले त्याने लोखंडाची एक पाचरही बसविली होती. "याने सगळे ठीक होईल," असे तो म्हणाला. थरथर वाढली. मग दुसऱ्या ठिकाणी टायर बदलले, दोन्ही क्रॉस बदलले, प्रोपेलर शाफ्ट उतरवून बॅलन्सिंगला पाठविला. एवढे करूनही गाडी तशीच. त्या हंगामाचा नफा आम्ही अक्षरशः गाडीखाली घातला.

शेवटी हिंगणघाटच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. गाडी सपाट फरशीवर उभी केली, गवंड्याजवळ असते तशी पाणसळ आणि कोन दाखविणारे एक लहानसे घड्याळ घेऊन ते खाली गेले. तीन ठिकाणी माप घेतले, खडूने फरशीवर तीन आकडे लिहिले आणि आम्हाला विचारले, "शेठ, तुम्ही कापड नजरेने मापून फाडता काय?" आम्ही नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग गाडी का न मापता खोलू दिली?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

क्रॉस काय काम करतो

इंजिन व गिअरबॉक्स चासीला बांधलेले असतात. मागचा डिफरन्शियल मात्र पाट्यांवर बसलेला असतो आणि खड्ड्याबरोबर वरखाली होतो. या दोघांना जोडणारा लांब नळ म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. एक टोक स्थिर, दुसरे हलते, म्हणून दोन्ही टोकांना वाकू शकणारा सांधा लागतो. दोन चिमटे आणि त्यांच्या मध्ये अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, हाच तो क्रॉस. सोळाव्या शतकातील इटलीचे कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्लंडचे रॉबर्ट हूक यांच्या नावाने हा सांधा ओळखला जातो. मोटारीसाठी तो नीट घडविण्याचा कारखाना अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०४ मध्ये सुरू केला. महिंद्राची जीप, १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७, २०१४ पर्यंत निघालेली ॲम्बेसेडर, १९८४ ते २०१९ या काळात बनलेली मारुती ओम्नी, आणि आजच्या बहुतेक पिकअप, या सर्वांत शक्ती मागच्या चाकांना याच मार्गाने जाते.

या सांध्यात एक जन्मजात खोड आहे. तो सरळ असेल तर फिरणे एकसारखे होते. तो वाकवून फिरविला की पुढचा चिमटा एकाच गतीने फिरत असतानाही मागचा चिमटा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३ अंशांच्या कोनात हा फरक हजारात दीडच्याही आत असतो, कोणाला जाणवत नाही. ८ अंशांत तो हजारात सुमारे दहा होतो. सोपा नियम असा की, कोन दुप्पट झाला तर हिसका चौपट होतो. गाडीचा वेग दुप्पट केला तरी हिसका चौपटच होतो. म्हणून गावातल्या गावात शांत वाटणारी गाडी हमरस्त्यावर थरथरते.

मग सगळ्या गाड्या का थरथरत नाहीत? कारण शाफ्टला दोन सांधे असतात. पुढचा सांधा जेवढे बिघडवितो तेवढेच मागचा सांधा सुधारतो. पण त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावेत. दुसरी, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच पातळीत असावेत. पहिली अट पुरी होण्यासाठी गिअरबॉक्समधून निघणारी रेषा आणि डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर पाहिजेत. आमच्या उर्दू शाळेत मास्तर कोनाला जाविया म्हणत आणि समांतर रेषांना मुतवाजी. तेव्हा वाटायचे, हे शिकून दुकानात काय कामाला येणार? पन्नाशी उलटल्यावर गाडीखाली त्याचे उत्तर मिळाले.

पाटे टाकले की काय बिघडते

पिनियन डिफरन्शियलच्या पुढच्या बाजूला असतो. त्याला आपण नाक म्हणू. हौसिंग पाट्यांवर यू बोल्टने आवळलेले असते. पाट्यांचा आकार, उंची किंवा बसण्याची जागा बदलली की हौसिंग स्वतःभोवती थोडे फिरते आणि नाक वर किंवा खाली जाते. इकडे गाडी मागून उचलली गेल्यामुळे गिअरबॉक्सचा उतार कमी होतो आणि शाफ्टचा वाढतो. म्हणजे जादा पाटा हा केवळ ताकदीचा मामला नाही. त्याने तीनही रेषा हलतात.

आमच्या गाडीत मिस्त्रींना काय सापडले ते सांगतो. गिअरबॉक्सची रेषा मागच्या बाजूला २ अंश उतरत होती. शाफ्ट ६ अंश उतरत होता. म्हणजे पुढच्या सांध्याचा कोन ६ वजा २, बरोबर ४ अंश. आता पिनियनचे नाक २ अंश वर असते, तर त्याची रेषा गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर राहिली असती आणि मागचा सांधाही ४ अंशांवर बसला असता. पण नाक उलट २ अंश खाली झुकले होते. त्यामुळे मागच्या सांध्याचा कोन ६ अधिक २, म्हणजे ८ अंश झाला. पुढे ४, मागे ८. पुढचा सांधा जे बिघडवीत होता त्याच्या कितीतरी जास्त मागचा बिघडवीत होता.

नाक खाली का झुकले? कारण ती पाचर उलटी बसली होती. पाटा हौसिंगच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे ठेवली की नाक वर उठते, आणि जाड बाजू पुढे ठेवली की नाक खाली जाते. पाटा हौसिंगच्या खालून असेल तर हेच उलट. आमच्याकडे ३ अंशांची पाचर जाड बाजू पुढे करून बसविली होती. दवा खरी, पण उलट्या रोगाची.

इलाज स्वस्त निघाला. दोन जादा पाट्यांपैकी एक-एक काढला, पाचर फिरविली आणि तिच्या जागी कमी अंशांची घातली. नव्या मापात गिअरबॉक्स अडीच अंश, शाफ्ट साडेपाच अंश, नाक २ अंश वर असे आकडे आले. पुढचा कोन ३, मागचा साडेतीन. थरथर गेली. जेवढे पैसे आम्ही टायर व क्रॉसवर घालविले त्याच्या मानाने ही रक्कम चहापाण्याची होती.

किती कोन चालतो

मालवाहू व रोजच्या गाडीसाठी लक्षात ठेवण्याजोगे आकडे थोडेच आहेत. प्रत्येक सांध्याचा कोन साधारण ३ अंशांच्या आत ठेवावा. दोन सांध्यांतील फरक १ अंशाच्या आत असावा. कोन अगदी शून्यही करू नये. अर्धा ते एक अंश तरी पाहिजे, नाहीतर क्रॉसच्या टोपीतील सुईसारखे रोलर जागचे हलत नाहीत, एकाच ठिकाणी दाबले जातात आणि तेथे खाचा पडतात. पुष्कळांना वाटते की शाफ्ट जितका सरळ तितका चांगला. ते खरे नाही.

उंच केलेल्या जीपमध्ये ३ अंशांत बसविणे कठीण जाते. तेथे वेगाप्रमाणे मर्यादा पाहतात. शाफ्ट मिनिटाला ३,००० फेऱ्या मारत असेल तर कोन ६ अंशांच्या आत हवा. ५,००० फेऱ्या असतील तर सव्वातीन अंशांच्या पुढे जाऊ नये. ही शेवटची हद्द आहे, आरामाची जागा नव्हे.

आणखी एक बारकावा आहे. गाडी जोरात ओढते तेव्हा चाकांच्या उलट्या रेट्याने हौसिंग पिळले जाते आणि पिनियनचे नाक वर उठते. पाटे मऊ असले तर जास्त उठते. म्हणून उभ्या गाडीत नाक समांतर रेषेपेक्षा किंचित खाली ठेवतात, की ओढताना ते वर येऊन समांतर व्हावे. आमच्या गाडीत ठेवलेला अर्धा अंश याच हिशेबाचा. अमेरिकेत पाव मैलाच्या शर्यतीत पळणाऱ्या जुन्या पाट्याच्या मोटारींत इंजिनाचा जोर इतका असतो की तेथे नाक ५ ते ७ अंश खाली ठेवतात. आपल्याकडील तरुण जीपचे इंजिन वाढवितात, रुंद टायर घालतात, त्यांनी हे तत्त्व समजून घ्यावे. पण शर्यतीचा आकडा उचलून बाजाराच्या गाडीला लावू नये. जिचा जोर कमी तिचे नाक तितके उठतच नाही, आणि मग ती रोजच थरथरते.

थरथर मोजून रोग ओळखणे

सूत जर ठराविक अंतराने जाड-बारीक होत असेल तर गिरणीतला जाणकार ते अंतर मोजतो आणि कोणता रोलर वाकडा फिरतो हे सांगतो. गाडीचेही तसेच आहे. प्रत्येक फिरणाऱ्या वस्तूचा आपापला ताल असतो.

एक उदाहरण घेऊ. टायरचा घेर टेपने मोजला, समजा २.३ मीटर भरला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. १,००० ला २.३ ने भागले की चाकाच्या फेऱ्या सुमारे ४३५, म्हणजे सेकंदाला ७. क्राऊनला ४१ दात व पिनियनला १० दात असतील तर शाफ्ट चाकाच्या ४.१ पट फिरतो. म्हणजे सेकंदाला जवळपास ३०. आणि सांध्याच्या कोनाचा हिसका फेरीत दोनदा, म्हणून सेकंदाला ६०.

आता फरक पाहा. सेकंदाला ७ धक्के म्हणजे बसल्या जागी जाणवणारे हादरे. स्टिअरिंग किंवा सीट हलते. हा टायरचा किंवा रिमचा दोष. सेकंदाला ३० म्हणजे तळव्याला लागणारी थरथर. शाफ्टचे वजन एका बाजूला आहे किंवा तो वाकला आहे. सेकंदाला ६० म्हणजे पत्र्यातून घुमणारा जाड आवाज. तेथे कोनावर संशय घ्यावा. हाताला सवय झाली की हे ताल वेगळे कळतात.

त्यानंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, ज्या वेगाला थरथर येते तो वेग गाठावा आणि क्लच क्षणभर दाबावा. इंजिन शांत होऊनही थरथर राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. थरथर लगेच गेली तर दोन शक्यता उरतात. गाडी उभी करून तेवढ्याच फेऱ्यांवर इंजिन रेस करून पाहावे. उभ्या गाडीतही थरथरले तर इंजिन, क्लच किंवा इंजिनाचे रबर पाहावे. उभ्या गाडीत काहीच झाले नाही, तर थरथर ओढतानाच येते आणि कोनाचा संशय वाढतो. ॲक्सिलरेटर दाबला की थरथरते व सोडला की थांबते, हीदेखील त्याचीच खूण, कारण नाक तेव्हा वरखाली होते. भरली गाडी पहिल्या गिअरमध्ये निघताना कुडकुडते, तर मागचा कोन आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट असल्यास सेंटर बेअरिंगची उंची तपासावी. पुढे-मागे गिअर बदलताना खट्ट वाजते, तर क्रॉस झिजला आहे. हळू चालताना चिमणीसारखे चिवचिवते, तर क्रॉसमधील ग्रीस सुकले आहे. आणि थरथर नसून ओढताना एकसुरी रडण्यासारखा आवाज येत असेल, तर तो क्राऊन-पिनियनचा आवाज असू शकतो. तेथे कोन बदलून काही होणार नाही.

मोजण्यापूर्वी चार गोष्टी

पहिली, गाडी खालून धुवा. आपली काळी माती पावसाळ्यात शाफ्टला व रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून दगड होते. मूठभर माती शाफ्टचा तोल बिघडविते. आमच्या धंद्यातील बांधवांनी विशेष पाहावे, गठ्ठ्याची सुतळी आणि प्लॅस्टिकची पट्टी क्रॉसभोवती गुंडाळलेली आम्ही स्वतः काढली आहे.

दुसरी, टायरची हवा व रिमचा वाकडेपणा पाहा.

तिसरी, शाफ्ट हाताने वरखाली व गोल हलवून ढिलेपणा पाहा. शाफ्टवर वेल्डिंगने चिकटविलेला लहान पत्रा दिसला तर तो कचरा समजून घासू नका. तो कारखान्याने तोल सांभाळण्यासाठी लावलेला असतो.

चौथी, शाफ्टच्या सरकत्या भागाच्या दोन्ही बाजूंना खूण आहे का ते पाहा. शाफ्ट उतरविताना खुणा न करता वेगळा केला आणि बसविताना एक-दोन दात पुढेमागे बसला, तर दोन्ही टोकांचे चिमटे एका पातळीत राहत नाहीत. मग कोन कितीही अचूक असोत, गाडी थरथरणारच. खोलण्याआधी रंगाची एक रेघ ओढली की हा दोष कधीच होत नाही. रेघेला एक मिनिट लागते, न ओढल्यास आठ दिवस जातात.

कोन कसा मोजावा

सुरक्षेची बाब प्रथम. इंजिन बंद, किल्ली खिशात, चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. शाफ्ट उतरविल्यावर काही जीपचा हँडब्रेक निकामी होतो, कारण तो शाफ्टलाच धरणारा असतो. म्हणून ठोकळे हवेतच. आणि फिरत्या शाफ्टजवळ ढिला कुर्ता, लुंगी, गमछा नको. कापडाचा व्यापारी असूनही आम्ही हे सांगतो, कारण शाफ्टला कपड्याची किंमत कळत नाही. तो कापडाबरोबर माणसाला ओढतो.

गाडी सपाट जागी, स्वतःच्या चाकांवर उभी असावी. मागचा भाग उचलून हौसिंग लोंबकळत ठेवून घेतलेले माप खोटे असते. जेवढा माल रोज भरता तेवढा भरून एक माप घ्यावे आणि रिकाम्या गाडीचे दुसरे. भरल्या गाडीचे माप जास्त महत्त्वाचे, कारण गाडी कमावते ती भरल्यावर.

माप तीन ठिकाणी घ्यायचे. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर, शाफ्टच्या स्वच्छ नळावर आणि पिनियनच्या फ्लँजवर. फ्लँजचा चेहरा उभा असतो, तेथे उभ्यापासून किती कलला ते पाहावे. शाफ्ट आडवा असतो, तेथे आडव्यापासून किती उतरला ते पाहावे. प्रत्येक आकड्यापुढे कोणती बाजू खाली हे लिहावे. ९० टक्के गोंधळ येथेच होतो असे आमचे मिस्त्री म्हणत. शेजारच्या दोन रेषा एकाच दिशेला उतरत असतील तर आकडे वजा करावेत, विरुद्ध दिशेला उतरत असतील तर मिळवावेत. बस, एवढेच गणित.

कोन दाखविणारे चुंबकाचे घड्याळ हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. आजकाल मोबाइलमध्येही पाणसळ असते. ती सरळ पट्टीला टेकवून अंदाज घेण्यास चालते, पण मोबाइलची गोल कड आणि कव्हर यांमुळे एखादा अंश चुकू शकतो. येथे तर सगळा झगडाच एका अंशाचा आहे.

दुरुस्ती करताना

पाचर पोलादाची असावी आणि सेंटर बोल्ट तिच्या आरपार जावा. लाकूड, वॉशरांची चळत किंवा पत्र्याचे तुकडे मालाच्या गाडीत टिकत नाहीत. जाडी वाढली तर यू बोल्ट लांब व नवे घ्यावेत. जुने ताणलेले पुन्हा वापरू नयेत. काही दिवस गाडी चालली की ते पुन्हा आवळावेत. ब्रेकचा रबरी पाइप ताणला तर जात नाही ना, हे पाहावे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब मालाच्या वजनाप्रमाणे बदलणारा व्हॉल्व असतो आणि त्याची दांडी हौसिंगला जोडलेली असते. पाटे बदलले की व्हॉल्वला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. ही दांडी नव्याने लावून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

कोन बरोबर आल्यावरही थरथर उरली तरच शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवावा. आधी बॅलन्सिंग आणि मग कोन हा उलटा क्रम आहे. आम्ही तोच केला आणि पैसे गमावले.

आणखी एक स्पष्ट सांगितले पाहिजे. पाटा वाढविल्याने गाडीची कायद्याने ठरलेली मालाची मर्यादा वाढत नाही. आरसी बुकावर जे वजन आहे तेच खरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. गाडी मागून बसते म्हणून पाटे टाकण्याआधी आपण तिच्यावर किती लादतो हे एकदा काट्यावर पाहावे. आम्ही पाहिले तेव्हा लाज वाटली. दुसरा जादा पाटा काढण्याचे धैर्य त्यातूनच आले.

मालक व मिस्त्री दोघांसाठी

नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. तो आपल्या जिल्ह्यातूनच जातो. जामवरून हिंगणघाटकडे जाणारा हैदराबादचा रस्ताही आता रुंद आहे. पूर्वी खड्ड्यांमुळे गाडी ४० च्या वर जात नसे, तेव्हा हा दोष झाकला जाई. आता तासन् तास एकाच वेगाने धावताना तोच दोष क्रॉसच्या टोप्या खातो, गिअरबॉक्सचे व पिनियनचे ऑइल सील फोडतो आणि शेवटी सांधा तुटतो. पुढचा सांधा तुटला तर शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर आपटते. भरल्या वेगात त्याचा परिणाम काय होईल ते सांगण्याची गरज नाही. गाडीत आपला मुलगा किंवा आपला नोकर बसलेला असतो.

म्हणून मालकांना आमची विनंती आहे की, पाटे, पाचर किंवा शाफ्टचे काम सांगताना आधीचे व नंतरचे तीन आकडे बिलावर लिहून मागावेत. मिस्त्री रागावला तर दुसरा शोधावा. आणि आमच्या कारागीर बांधवांना विनंती आहे की, आकडे देण्यात कमीपणा मानू नये. उस्तादाचा हात मोठा असतो, पण अंश हाताला दिसत नाही. जो मिस्त्री मोजून काम करतो त्याला निकामी निघालेल्या क्रॉसचे पैसे मागण्याची पाळी येत नाही, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे दुसऱ्यांदा भांडायला नव्हे, दुसरी गाडी घेऊन येते.

आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी मीटरची पट्टी टांगलेली असते. आता गाडीच्या खणात कोनाचे घड्याळ आणि खडूचा तुकडाही असतो. पाट्याचे काम निघाले की ते तीन आकडे आम्ही स्वतः उतरून घेतो. मापात चूक झाली तर कापड वाया जाते, एवढेच आम्हाला ठाऊक होते. गाडीच्या बाबतीत त्याहून बरेच काही वाया जाते, हे थोडे उशिरा कळले. वाचकांना ते वेळेवर कळावे.